लेण, शरण आणि गमन : मराठी बौद्ध वाङ्मयातील आश्रयाची संकल्पना

१

घारापुरी हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. त्याच्या पश्चिमेकडील टेकडीत सदाशिवाच्या त्रिमुख शिल्पामुळे जगप्रसिद्ध झालेली शैव लेणी आहेत. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष असून त्याच बाजूस बौद्ध लेण्यांचा एक लहानसा गट आणि पाण्याची टाकी आहेत. १९८७ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. परंतु मराठी वाचकाच्या मनातील घारापुरी बहुधा एकाच टेकडीची असते. शिल्पसौंदर्याची चर्चा जेथे रंगते तेथे पूर्वेकडील टेकडीविषयी बोलण्यासारखे फारसे उरत नाही. डोळे खिळून राहावेत अशी मूर्ती तेथे नाही. राहण्याची, पाणी साठवण्याची आणि वंदनेची जागा एवढेच तिचे स्वरूप आहे.

या दोन टेकड्यांमधील भेद धर्माधर्मांच्या वादाचा विषय करण्याचे कारण नाही. त्यातून भाषेत झालेला एक अर्थलोप मात्र ध्यानात येतो, आणि तो वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मराठीत 'लेणे' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. अंगावर ल्यायचे ते लेणे म्हणजे अलंकार, आणि डोंगरात कोरलेले तेही लेणेच. दोहोंची व्युत्पत्ती निराळी आहे. डोंगरातले लेणे प्राकृत 'लेण' या शब्दापासून आले. पश्चिम भारतातील ब्राह्मी शिलालेखांत तो वारंवार येतो. महाडजवळच्या गंधारपाले येथील लेखात कुमार काणभोअ व्हेणुपालिताच्या नावे लेण, चैत्यगृह आणि ओवरक यांचा उल्लेख आहे. मराठीतील 'ओवरी' ही त्या ओवरकाचीच वंशज. पालीत 'लेण' म्हणजे निवारा, सुरक्षित आसरा. चुल्लवग्गात भिक्षूंना अनुज्ञा दिलेली पाच लेणे सांगितली आहेत आणि गुहा हा त्यांतील केवळ एक प्रकार आहे. याहून अर्थपूर्ण गोष्ट अशी की संयुत्तनिकायातील असंखतसंयुत्तात निब्बानाची जी पर्यायनामे दिली आहेत त्यांत दीप, लेण, ताण, सरण आणि परायण हे शब्द एकामागून एक येतात. दुःखमुक्तीच्या परमावस्थेलाच तेथे लेण म्हटले आहे.

मराठीने शब्द राखला आणि त्यातील आश्रयाचा अर्थ हरवला. 'लेणी' म्हटले की आज प्राचीन कलेचा ठेवा डोळ्यांपुढे येतो. अलंकाराच्या अर्थाची सावली त्याच्यावर पडून तो महाराष्ट्राच्या अंगावरचा दागिनाच होऊन बसतो. 'दीप' या शब्दाचेही असेच झाले. पालीत त्याचे दिवा आणि बेट असे दोन्ही अर्थ होतात. बुद्धाने अखेरच्या काळात आनंदाला स्वतःच स्वतःचा दीप आणि स्वतःच स्वतःचे शरण होण्याविषयी जो उपदेश केला, त्यातील 'दीप' अट्ठकथेने महासागरातील बेटाच्या अर्थी लावला आहे. मराठी कवितेने मात्र त्यातून प्रकाश तेवढा उचलला. पुराच्या पाण्यात पाय टेकण्याजोगी जमीन हा अर्थ मागे पडला. उरणच्या समुद्रातील एका बेटावर द्वीप आणि लेण हे दोन्ही शब्द आपापल्या मूळ अर्थांसह दगडविटांत उभे आहेत, आणि ते वाचण्याची सवय मात्र मोडली आहे.

हीच सवय १९५६ नंतरच्या मराठी बौद्ध वाङ्मयाचे वाचन करतानाही मोडलेली दिसते. या वाङ्मयातील बुद्ध, बोधिवृक्ष, त्रिशरण ही सामग्री समीक्षेने बव्हंशी प्रतिमासृष्टीच्या, म्हणजे लेण्याच्या अलंकारवाचक अर्थाच्या सदरात घातली. दुःखापासून आश्रय देणारी श्रद्धा आणि साधना म्हणून ती रचनेच्या मुळाशी काम करते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. तो विचारायचा झाल्यास आरंभ 'शरण' या शब्दापासूनच केला पाहिजे.

२

'शरण' हा मराठीत अवघड शब्द आहे. शरण जाणे, शरण येणे, शरणागती यांतून व्यवहारात पराभवाची कबुली सूचित होते. शत्रू शरण येतो. गुन्हेगार पोलिसांना शरण जातो. भक्तिपरंपरेत या शब्दाला मार्दव आले, तरी त्यातील नमण्याचा भाव कायम राहिला. ज्याने नमावे आणि ज्याच्यापुढे नमावे असे दोन असमान पक्ष त्यात गृहीत आहेत. या असमानतेची किंमत कोणाला मोजावी लागली हे चोखामेळ्याच्या चरित्रावरून कळते. ज्याच्या भक्तीत आयुष्य गेले त्या देवळात त्याला प्रवेश नव्हता, आणि त्याची समाधीही पंढरपूरच्या महाद्वारासमोर पायरीपाशी आहे. शरण जाण्याची आर्तता येथे परिपूर्ण आहे. ज्या दाराशी शरण जायचे ते दार तेवढे उघडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला आपला अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. आदर आणि फारकत ही दोन्ही त्या अर्पणपत्रिकेत एकत्र आहेत, असे पुढील इतिहास पाहता म्हणता येते.

ज्यांच्यावर शतकानुशतके वाकण्याची सक्ती झाली त्यांनी आपल्या मुक्तीसाठी पुन्हा 'शरण' हाच शब्द का उच्चारावा, हा प्रश्न म्हणून वरवरचा नाही. त्याचे उत्तर बौद्ध परंपरेतील शरणाच्या व्याकरणात आहे. त्रिशरणातील क्रियापद 'गच्छामि' हे आहे. ते प्रथमपुरुषी आहे, एकवचनी आहे, वर्तमानकाळी आहे आणि गतिवाचक आहे. कोणी आश्रय द्यावा अशी याचना त्यात नाही. जाणाऱ्याने स्वतः जावयाचे आहे आणि प्रत्येकाने ते स्वतःच्या तोंडाने तीनदा म्हणावयाचे आहे. ज्याच्याकडे जावयाचे तो बुद्ध परिनिर्वाण पावलेला आहे. तो वर देऊ शकत नाही किंवा शापही देऊ शकत नाही. धम्मपदातील बुद्धवग्गात भयग्रस्त माणसे डोंगर, अरण्ये, उपवने, वृक्ष आणि चैत्ये यांना शरण जातात, पण ते क्षेमाचे शरण नव्हे, असा विचार आला आहे. दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि त्याचा मार्ग यांचे ज्ञान ज्याला झाले त्यालाच खरे शरण लाभते, असे तेथे पुढे सांगितले आहे. डोंगरात लेणी कोरणाऱ्या परंपरेनेच डोंगर हे शरण नव्हे असे म्हणावे यात विसंगती नाही. लेण हा वर्षावासाचे तीन महिने थांबण्याचा निवारा होता. उरलेल्या काळात चालत राहणे हा भिक्षुजीवनाचा मूळ धर्म.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे घडले त्याचा अर्थ या व्याकरणाच्या आधारे लागतो. चंद्रमणी महास्थविरांकडून आंबेडकरांनी त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. त्यानंतर त्यांनी स्वतः, एका गृहस्थाने, जमलेल्या लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. शरणगमनाला प्रतिज्ञांची जोड दिल्यामुळे त्यातील परावलंबनाचा उरलासुरला अंशही गेला. प्रतिज्ञांपैकी काही जुन्या श्रद्धांचा त्याग करणाऱ्या आहेत, काही समतेच्या आणि काही शीलाच्या आहेत. कोठून निघायचे आणि कोठे जायचे, दोन्ही त्यांत सांगितले आहे. मराठी भाषेच्या दृष्टीने पाहता, पराभवाच्या अर्थाने रूढ झालेला शब्द त्या दिवशी सामुदायिक उच्चाराने निर्णयाच्या अर्थाने पुन्हा घडवला गेला. या घटनेला वाङ्मयीन महत्त्व आहे ते या कारणाने.

३

तथापि मराठीत बौद्ध शरणगमनाचे पहिले सविस्तर आत्मकथन यापूर्वीच लिहिले गेले होते आणि ते अगदी वेगळ्या सामाजिक स्तरातून आले होते. याच कोकणपट्टीच्या दक्षिण टोकास, गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. शेतीवाडीचा संसार, प्रकृतीची कुरकुर, शिक्षण अर्धवट राहिल्याची खंत आणि मनाची उदासीनता अशा अवस्थेत असताना 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरचा लेख त्यांच्या वाचनात आला. त्या एका वाचनातून पुढचा सारा प्रवास निघाला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता आणि तेथून सिंहलद्वीप असा तो क्रम आहे. १९०२ साली त्यांना तेथे श्रामणेर दीक्षा मिळाली.

'निवेदना'चा विशेष असा की त्यात दुःखाचे नाट्य उभे केलेले नाही. काशीतील अन्नछत्र, वाटेवरील उपासमार, नेपाळात पाहिलेल्या धर्मस्थितीमुळे झालेली निराशा, सारे सारख्याच कोरड्या आणि प्रांजळ शैलीत येते. घरी पत्नी आणि तान्ही मुलगी सोडून निघाल्याचा सल लेखक लपवीत नाही आणि त्याचे समर्थनही करीत बसत नाही. ही शैली केवळ स्वभावाची नव्हे. आपल्या मनात काय उठते आणि काय मावळते याची अनासक्त नोंद ठेवणे ही बौद्ध साधनेतील मूलभूत कृती आहे, आणि 'निवेदना'च्या गद्यात ती वाक्यरचनेपर्यंत उतरली आहे. भावनेला विशेषणे न लावता तिची वेळ, तिचे कारण आणि तिचा परिणाम सांगणे ही कोसंबींची रीत आहे. साधनेने शैली घडवल्याचे असे उदाहरण मराठी आत्मचरित्रांत विरळा.

कोसंबींच्या शरणगमनाचा शेवट अरण्यात झाला नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची. चीवर उतरवून ते महाराष्ट्रात परतले, संसार पुन्हा मांडला, 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले, आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. १९३७ साली परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. दुःखातून निघालेला माणूस आश्रय शोधत बेटापर्यंत जातो आणि त्या आश्रयाची वाट इतरांना दाखवण्यासाठी आपल्या भाषेत परत येतो, असा हा आकृतिबंध आहे. परतीचा हा भाग वगळला तर 'निवेदन' हे एका जिज्ञासूचे प्रवासवर्णन ठरेल.

४

कोसंबी आणि आंबेडकर यांना जोडणारा एक धागा पाण्याचा आहे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांना पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले ही परंपरागत कथा कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात चिकित्सक दृष्टीने तपासली आणि सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताच्या आधारे गृहत्यागाचे वेगळे कारण सुचवले. परस्परांविरुद्ध शस्त्रे उचललेल्या माणसांना पाहून बुद्धाला जे भय वाटले त्याचे वर्णन या सुत्तात आहे. आटत्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांचा दृष्टांत तेथे येतो. 'बोधिसत्त्व' या त्यांच्या नाटकात शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याला मध्यवर्ती स्थान आहे. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण हाच रोहिणीचा तंटा आहे. युद्धाला विरोध केल्यामुळे संघाच्या रोषास पात्र झालेला तरुण स्वेच्छेने देशत्याग पत्करतो, अशी ती मांडणी आहे.

२० मार्च १९२७ रोजी परिषदेच्या मंडपातून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत जाऊन ज्याने पाणी प्राशन केले, त्याने तीन दशकांनंतर बुद्धाचे चरित्र लिहिताना पाण्याच्या तंट्याला अग्रस्थान द्यावे, हा योगायोग मानणे कठीण आहे. महाड आणि उरण एकाच जिल्ह्यात आहेत. या प्रदेशातील बौद्ध लेण्यांच्या परिसरात पाण्याची टाकी कोरलेली आढळतात. कान्हेरीच्या लेखांतून अशा टाक्यांची, 'पोढीं'ची, दाने नोंदलेली आहेत. पाणी सर्वांसाठी साठवणे हा धर्माचा भाग मानणारी परंपरा ज्या डोंगरांत दोन हजार वर्षे उभी होती, त्यांच्याच पायथ्याशी माणसांना तळ्यावर मज्जाव होता. आंबेडकरांच्या लेखी दुःख हे असे स्थळकाळाने बद्ध आणि कारणांनी युक्त आहे. म्हणूनच ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांच्या परंपरागत मांडणीवरच प्रश्नचिन्ह लावले. जीवन म्हणजेच दुःख असे म्हटले तर धर्म निराशावादी ठरतो आणि माणसाने माणसाला दिलेले दुःख जन्ममरणाच्या दुःखात विरघळून जाते, ही त्यांच्या आक्षेपामागील काळजी आहे.

येथे एक खरी अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. दुःखाचे कारण सामाजिक असेल तर त्यावरचा उपाय संघर्षाचा आहे. मग शरणाची गरज काय? आणि समाजव्यवस्था बदलली तरी मृत्यू, आजार आणि वियोग राहणारच. त्यांना सामाजिक धम्माजवळ काय उत्तर आहे? १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरमध्ये पुढे जी फूट पडली तिच्या मुळाशी इतर कारणांबरोबर बुद्ध की मार्क्स हा वादही होता. आंबेडकरांनी स्वतः नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत हाच विषय मांडला होता. या वादात शरण हे एका बाजूस पलायन ठरले आणि दुसऱ्या बाजूस केवळ अस्मितेचे चिन्ह. दोन्ही पक्षांनी त्याचा साधनात्मक आशय बाजूला ठेवला.

अडचणीतून वाट काढण्यासाठी किसा गोतमीची कथा उपयोगी पडते. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या या स्त्रीला बुद्ध मोहऱ्या आणावयास सांगतो. त्या मात्र ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरच्या हव्यात. या कथेचे तात्पर्य मृत्यू अटळ आहे असे सांगितले जाते. तेवढेच सांगायचे असते तर बुद्धाला ते एका वाक्यात सांगता आले असते. गोतमीला घरोघर जावे लागते, हा कथेचा गाभा आहे. प्रत्येक उंबरठ्यावर ती स्वतःचे दुःख घेऊन जाते आणि दुसऱ्याचे ऐकून परतते. दिवसाअखेर तिच्या दुःखात काही उणे होत नाही, परंतु ते तिच्या एकटीचे राहत नाही. वैयक्तिक शोकावरचा उपाय येथे सामाजिक आहे आणि तो चालण्याच्या रूपाने आला आहे. ज्या समाजात काही उंबरठे काहींना बंद आहेत तेथे गोतमीला हे औषध मिळणारच नाही, हा निष्कर्ष या कथेतूनच निघतो. शरण आणि संघर्ष यांतील विरोध या ठिकाणी मावळतो. जातिभेद हा इतर अन्यायांबरोबरच शोकाच्या उपचारावरही घातलेला प्रतिबंध आहे.

५

दया पवार यांची बुद्धावरील कविता या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. जेतवनात डोळे मिटून बसलेला किंवा अजिंठा-वेरुळच्या लेण्यांत दगडी ओठ मिटून निजलेला बुद्ध या कवितेतील निवेदकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो हाती मशाल घेऊन झोपडीझोपडीतून फिरणारा, बोलणारा, दुःखावर हळुवार फुंकर घालणारा बुद्ध. ही कविता लेण्यांतील बुद्धाचा अव्हेर करते असे सहसा मानले जाते. वस्तुतः ती अलंकार झालेल्या लेण्यातून बुद्धाला बाहेर काढून लेण या शब्दाचा मूळ अर्थ त्याला परत देते. भिक्षूसाठी निवारा चार भिंतींत असे. येथे निवारा देणाराच चालत झोपडीपाशी येतो. किसा गोतमी घरोघर गेली, तसाच आता तिला पाठवणाराही घरोघर जातो. जो समाज लेण्यांपर्यंत पोचू शकला नाही त्याच्या दारी शरणानेच जावे, अशी ही अपेक्षा आहे. कवितेतील गती हे तिचे केवळ चित्रवैशिष्ट्य नसून तिची श्रद्धा आहे.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या १९८६ साली ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनात आश्रयाचे जुने आणि नवे असे दोन्ही प्रकार समोरासमोर येतात. अंगात येणाऱ्या बायका, पोतराज म्हणून सोडलेली मुले, देवकार्यांची धामधूम यांची वर्णने लेखिका तपशिलाने करते. त्यांत उपहास आहे, पण तुच्छता नाही. उपासमार आणि सासुरवास यांनी पिचलेल्या बाईला देवी अंगात आल्यावर काही घटका मान मिळतो, तिच्या तोंडून हवे ते बोलता येते. तोही एक आसराच. पण तो दुःखाचे कारण जागच्या जागी ठेवतो. पुढे आंबेडकरांच्या प्रभावाने मुले शाळेत जातात, देव सुटतात, धम्म येतो. या स्थित्यंतराची कसोटी लेखिका केवळ देवांच्या त्यागावर ठेवीत नाही. घरातील स्त्रीला नवऱ्याकडून आणि सासूकडून होणारा छळ तिने तितक्याच रोखठोकपणे सांगितला आहे. नव्या शरणाची छाया घराच्या आतवर पोचली काय, हा प्रश्न तिच्या कथनातून आपोआप उभा राहतो. शीर्षकातील 'आमुचं' हे अनेकवचन त्रिशरणातील एकवचनाशी जोडून वाचले पाहिजे. एकेकट्याने उच्चारलेल्या 'गच्छामि'तून एक 'आम्ही' कसे घडते, याची ही कथा आहे.

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) पुन्हा कोकणात येते. बांबूच्या सुपा-टोपल्या विणण्याचे काम इतरत्र बुरूड समाज करतो. कोकणात ते महार समाजाकडे होते. रत्नागिरीच्या बाजारात विकायचा माल डोक्यावर घेऊन डोंगरवाटा तुडवणाऱ्या बायकांच्या चालीने हे पुस्तक सुरू होते. पतीच्या मृत्यूनंतर आई आयदाने विणून मुलांना वाढवते. आईची ही वीण आणि आपले लेखन यांचा संबंध लेखिकेने स्वतःच जोडला आहे आणि त्याला वेदनेचा म्हटले आहे. आईच्या विणकामाला बौद्ध साधना म्हणणे हा अतिरेक होईल. ते पोटासाठी होते आणि धर्मांतराच्या आधीपासून होते. मात्र लेखिका त्याकडे ज्या दृष्टीने पाहते ती दृष्टी कारणपरंपरा उलगडणारी आहे. जात, कोकणातील व्यवसायांची वाटणी, वैधव्य, शिक्षणाचा हट्ट, स्त्री म्हणून वाट्याला आलेले अपमान यांचे पदर एकमेकांत कसे गुंतले ते ती पट्टी पट्टी सुटी करून दाखवते. 'हे असल्यामुळे ते होते' हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार कोठेही नाव न घेता कथनाच्या बांधणीत उतरतो. पुढे पुत्रवियोगाचे दुःख येते तेव्हाही हे कथन त्याला दैवाच्या नावावर टाकून मोकळे होत नाही. बुद्धाच्या प्रतिमांनी सजलेल्या अनेक रचनांपेक्षा हे पुस्तक बौद्ध आहे ते या बांधणीमुळे.

६

मराठी समीक्षेने दलित वाङ्मयासाठी जी परिभाषा घडवली तिच्यात वेदना, विद्रोह आणि नकार या संज्ञा प्रमुख आहेत. भालचंद्र फडके यांच्या १९७७ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच वेदना आणि विद्रोह ही जोडी आहे. या परिभाषेने त्या काळात मोठे काम केले, यात शंका नाही. पण तिच्यातील 'वेदना' ही केवळ मराठी वेदना आहे. पालीत वेदना म्हणजे संवेदन. ती सुखद, दुःखद आणि अदुःख-असुख अशी तीन प्रकारची असते, आणि तिच्याकडे सावधपणे पाहणे हे सतिपट्ठानातील चार अंगांपैकी एक आहे. वेदना भोगणे आणि वेदना पाहणे यांत जे अंतर आहे तेथेच साधना सुरू होते. वेदनेतून थेट विद्रोहाकडे जाणाऱ्या परिभाषेत या मधल्या जागेला नाव नाही. कोसंबींचे गद्य, 'जिणं आमुचं'मधील तुच्छतारहित उपहास, 'आयदाना'तील सुटे केलेले पदर ही सारी या मधल्या जागेतील निर्मिती आहे. विद्रोहाला तिने मवाळ केलेले नाही. कोठे घाव घालायचा ते तिने दाखवले आहे.

ही साधना ग्रंथांपुरती राहिलेली नाही. इगतपुरी येथे १९७६ साली सुरू झालेले विपश्यनेचे केंद्र आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने चालवलेली ध्यानशिबिरे यांमुळे ध्यान हा शब्द गृहस्थांच्या व्यवहारात आला. त्यांतील ध्यानपर वळण सामाजिक प्रश्नांपासून दूर नेते, अशी टीकाही झाली. या वादापेक्षा वाङ्मयदृष्ट्या अधिक विचारणीय असे एक आचरण आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वस्तीवस्तीतील विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमशः वाचन होते. कोकणच्या धुवाधार पावसात भिक्षू लेण्यांत थांबत तेव्हाचा हा काळ. आता थांबणारे भिक्षू नाहीत. दिवसभराच्या कामानंतर येऊन बसणारे स्त्रीपुरुष आहेत, आणि लेणे आहे ते ग्रंथाचे. पोथीवाचनाच्या जुन्या रूढीशी त्याचे बाह्य साम्य आहे, म्हणून ते कर्मकांड होण्याचा धोकाही आहे. ज्या ग्रंथाने आर्यसत्यांच्या परंपरागत मांडणीलाही प्रश्न विचारला तो ग्रंथ प्रश्न न विचारता ऐकला जाऊ लागला, तर लेण पुन्हा दागिना होईल. मराठी समीक्षा ग्रहणाचा विचार बहुधा एकट्या, मूक वाचकाला समोर ठेवून करते. सामूहिक श्रवणाने ज्याचा अर्थ सिद्ध होतो अशा आधुनिक ग्रंथाचे हे उदाहरण तिच्या विचारकक्षेत आणणे आवश्यक आहे.

या विवेचनातून काही कसोट्या हाती लागतात. एखादी रचना बौद्ध आहे असे म्हणताना तिच्यात बुद्धाचे नाव किती वेळा आले याची मोजणी निरर्थक आहे. दुःखाला तिने कारण दिले आहे काय, की त्याचा केवळ आकांत केला आहे. आश्रय तिने मागितला आहे, की स्वतः त्याच्या दिशेने पाऊल टाकले आहे. आणि त्या वाटेवर तिला दुसऱ्या कोणाचे दार भेटले आहे काय, हे पाहिले पाहिजे. सूर्य, प्रकाश आणि बोधिवृक्ष यांनी गजबजलेली पुष्कळशी कविता या कसोट्यांना उतरणार नाही, आणि तसे सांगण्यात संकोच बाळगू नये. श्रद्धेचा आदर म्हणून निकष सैल करणे हा त्या श्रद्धेचाच अनादर ठरतो, कारण तपासून घ्या असे सांगणाऱ्या शास्त्याची ती श्रद्धा आहे.

कुडे येथील लेण्यांच्या लेखांत दाते म्हणून वैद्य, माळी आणि लोखंडाचा व्यापारी यांची नोंद आढळते. राजपुरीच्या खाडीकाठचा हा डोंगर राजांबरोबरच कष्टकऱ्यांच्या कमाईतूनही कोरला गेला. आश्रय हा सिद्ध वस्तूसारखा सापडत नाही. तो अनेकांनी मिळून घडवावा लागतो, हेच त्या लेखांवरून कळते. कोकणातील गावोगावच्या वस्त्यांचे नाव आज बौद्धवाडी आहे. नाव बदलले, पण अनेक ठिकाणी वस्तीची जागा गावाच्या कडेला होती तेथेच राहिली. शरणगमन पूर्ण झाले असे म्हणण्यास अजून अवकाश आहे, याचा हा भौगोलिक पुरावा होय. घारापुरीच्या पूर्वेकडील टेकडीप्रमाणे ही वस्तीही पाहणाऱ्याच्या वाटेवर येत नाही; तेथवर मुद्दाम जावे लागते. मराठी समीक्षेच्या बाबतीतही 'गच्छामि' या क्रियापदाला त्यामुळेच पर्याय नाही.